रेडॉक्स (इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीच्या रिॲक्शन) नवीन शिकतोयस? आधी मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि लोखंडी बादली
भावा, घाबरू नको, नर्न्स्ट-बिर्न्स्टची समीकरणं सध्या बाजूलाच ठेव. तू तासगावचा ना, मग द्राक्षाला बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) करताना मोरचूद लोखंडी बादलीत का कालवत नाहीत तेवढं आधी बघ. लोखंडाचं पोटेन्शियल (इलेक्ट्रॉन ओढून घ्यायची ताकद, व्होल्टमध्ये) -०.४४, तांब्याचं +०.३४, फरक ०.७८ व्होल्ट, त्याला २ इलेक्ट्रॉन आणि ९६४८५ (फॅरेडे स्थिरांक) नी गुण, उणे चिन्ह लाव, डेल्टा जी (मुक्त ऊर्जेतला फरक, उणे असला की रिॲक्शन आपोआप होऊ शकते) आला साधारण -१५० किलोज्यूल, म्हणून लोखंड विरघळतं आणि तांबं बादलीला चिकटतं. झालं की!

चुका ह्या दोनच टाळ:
- समीकरण दुप्पट केलं तर डेल्टा जी दुप्पट होतो, व्होल्ट नाही (मीपण बारावीत इथंच मार्क घालवले).
- डेल्टा जी उणे म्हणजे रिॲक्शन लगेच होणार असं नसतं, ॲल्युमिनियमचं पातेलं बघ, ऑक्साइडच्या थरामुळं कसं गप बसलंय.