आईच्या पाककृतींच्या 40 प्रती छापायच्या आहेत, बाइंडिंग कोणतं करावं?

तुम्ही म्हणता, ए-5 आकाराची 120 पानं झालीत, प्रती नातेवाइकांना द्यायच्यात आणि दुकानदार म्हणतो, 'परफेक्ट करा, पुस्तकासारखं दिसेल.' (पानं म्हणजे पृष्ठं, म्हणजेच 60 कागद, असं धरतो. दुकानात हे आधी स्पष्ट करा, 120 कागद धरले तर भाव दुप्पट होतो.)

दिसेल खरंच पुस्तकासारखं. पण हे पुस्तक उघडणार ओट्यावर, कणकेच्या हातांनी. परफेक्टमध्ये पानांची पाठ तासून तिला गरम गोंद लावतात. असं पुस्तक हात काढला की मिटतं. मग कोणीतरी त्यावर पोळपाट ठेवतं आणि पाठ मोडते. मी बरीच वर्षं छपाईच्या दुकानात काढली. एकदा फोटो खुलावेत म्हणून 130 जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आर्ट पेपरवर, म्हणजे गुळगुळीत थर दिलेल्या कागदावर, परफेक्ट करून दिलं. त्या गुळगुळीत थराला गोंद नीट धरत नाही. महिनाभरात गिऱ्हाईक सुटी पानं पिशवीत घालून हजर!

मी तुमच्या जागी असतो तर 35 प्रती वायरो केल्या असत्या, म्हणजे कडेला भोकं पाडून त्यांत धातूच्या तारेच्या दुहेरी कड्या. पान सपाट पडतं, मागे पूर्ण दुमडतं, जागाही कमी लागते. प्लॅस्टिकचं स्पायरल स्वस्त पडतं, पण कॉलेजच्या प्रोजेक्टची कळा येते. सेंटर पिन (कागद मधोमध दुमडून घडीवर पिना मारणं) 60 कागदांना नकोच, मधली पानं बाहेर डोकावतात.

वायरोला पाठ नसते, त्यामुळे कपाटात नाव दिसत नाही. म्हणून उरलेल्या 5 प्रती जपून ठेवण्यासाठी शिवून, पुठ्ठा बांधणीत करा. शिवण साधारण 16 पृष्ठांच्या फर्म्यांची (दुमडलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांची) असते; 120 ला साडेसात फर्मे होतात. शेवटी 8 पृष्ठं कोरी सोडा, म्हणजे पूर्ण आठ होतील आणि सुना-लेकींना आपापलं लिहायला जागा मिळेल. शिवणारा कारागीर आता सहज सापडत नाही. ग्रंथालयाची पुस्तकं कोण बांधतं ते विचारा.

आतला कागद 100 जीएसएम मॅपलिथो, म्हणजे थर न दिलेला साधा पांढरा. वायरोच्या कव्हरला 300 जीएसएम, वर ग्लॉस (चकचकीत) लॅमिनेशन. मॅट देखणं असतं, पण हळदीचं बोट लागलं की संपलं. लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी करा. एकाच बाजूला केलं तर पावसाळ्यात उघडी बाजू ओल पिऊन फुगते आणि कव्हर वळतं.

आणि फाइल देण्याआधी आतला समास 20 मिमी करा, उजव्या पानाला डावीकडे, डाव्या पानाला उजवीकडे. नाहीतर 'दोन चमचे तिखट' मधले 'दोन' वायरोच्या भोकात जातील.