हिरवा ठिपका आहे, पण यादीत ६३१ लिहिलंय. हे वेफर्स हलाल आहेत का?

तुमचा प्रश्न असा: वेफर्सच्या पाकिटावर हिरवा ठिपका आहे, घटकांत '६२७, ६३१' छापलंय आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ६३१ म्हणजे डुकराची चरबी असं फिरतंय. मग मुलांना द्यायचे की नाही?

६३१ ही चरबी नाहीच. ते डायसोडियम इनोसिनेट, म्हणजे चव खुलवणारी पूड. मसाल्यात अगदी किंचित पडते. ती मांस-मासळीपासून काढतात, तशीच टॅपिओकासारखा स्टार्च आंबवूनही करतात. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून निकाल लावता येत नाही. बिस्किटांमधल्या ४७१ या इमल्सिफायरचंही (तेल-पाणी एकजीव ठेवणाऱ्या घटकाचंही) तेच, तो वनस्पती तेलाचा असतो किंवा प्राणिज चरबीचा. इथे ठिपका कामाला येतो. भारतातल्या नियमाप्रमाणे अंडं, मासळी, चरबी, जिलेटिन यातलं काहीही पडलं की हिरवी खूण लावता येत नाही. सूट फक्त दूध, मध, मेण आणि लाख अशा मोजक्या गोष्टींना. लाख म्हणजे ९०४, गोळ्या-चॉकलेटांवरची चकाकी. बरेच उलेमा ती चालते म्हणतात, तरी आपल्या मुफ्तींना विचारा.

हिरवा ठिपका गप्प बसतो तो अल्कोहोलबद्दल. ते प्राणिज नाही, म्हणून खूण हिरवीच राहते. व्हॅनिला किंवा फळांचा अर्क बऱ्याचदा इथेनॉलमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्येच, विरघळवलेला असतो आणि पाकिटावर मात्र 'अ‍ॅडेड फ्लेवर' एवढंच येतं. साध्या खारवलेल्या वेफर्समध्ये हा प्रश्न सहसा येत नाही; क्रीम बिस्किटं आणि केकमध्ये जरूर बघा.

तपकिरी खूण (पूर्वी गोल, आता त्रिकोण) दिसली की पाकीट लगेच खाली ठेवू नका. केकमध्ये नुसतं अंडं असेल तर अडचण नाही. जिलेटिन किंवा १२० हा किड्यांपासूनचा लाल रंग असेल तर मात्र थांबा. चिकन असेल तर जबिहाची, म्हणजे इस्लामी पद्धतीने कापल्याची, खात्री हलाल प्रमाणपत्राशिवाय होत नाही. कोळंबीचे कुरकुरीत तुकडे कोकणातल्या शाफई पंथाच्या मुसलमानांना बिनदिक्कत चालतात. हनफी पंथात मतभेद आहे.

'याच कारखान्यात अमुक पदार्थही हाताळले जातात' ही ओळ वाचून बरेच जण निर्धास्त होतात. ती अ‍ॅलर्जीसाठी असते: दूध, अंडं, शेंगदाणे, मासळी वगैरे. डुक्कर त्या यादीतच नाही, म्हणून तिथे नाव नसणं हा पुरावा नव्हे.

परदेशातून कुणी आणलेल्या, आयातदाराचं लेबल नसलेल्या पाकिटाला यातलं काहीच लागू नाही. तिथे ६३१, ४७१ खरोखर तपासायला हवेत आणि चीज-पफमध्ये वासराचं रेनेटही (चीज करताना दूध घट्ट करणारा, वासराच्या पोटातून काढलेला पदार्थ) असू शकतं. मलेशियाच्या 'जाकीम'सारख्या हलाल प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा शिक्का असेल तर तिच्या संकेतस्थळावर उत्पादनाचं नाव शोधून बघा.

शंका उरली तर पाकिटावरच्या ग्राहक सेवा ईमेलवर बॅच नंबर आणि १४ अंकी परवाना क्रमांकासह लिहा, कारण एकच माल वेगवेगळ्या कारखान्यांत बनतो. 'हे हलाल आहे का?' असं विचारलंत तर 'उत्पादन शाकाहारी आहे' एवढंच उत्तर येईल. त्यापेक्षा नेमकं विचारा: ४७१ कशापासून बनवलंय? फ्लेवरमध्ये इथेनॉल आहे का, आणि असल्यास तयार मालात किती उरतं? त्याच लाइनवर डुकराचं मांस किंवा चरबी असलेला माल बनतो का?