इंग्लंडमधल्या गावात पॅरिश कौन्सिलने नव्या घरांना हरकत घेतली, तर प्रकल्प थांबतो का?

नाही थांबत. निदान तेवढ्यानं तरी नाही. पॅरिश कौन्सिल म्हणजे गावपातळीवरची छोटी परिषद, ती फक्त आपलं मत कळवते, निकाल तिच्या वरच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा. तुम्ही लिहिलंय की घरासमोरच्या शेतात 90 घरं येणार आहेत, गाव पेटलंय, आणि आपण बाहेरचे म्हणून गप्प बसावं की हरकत नोंदवावी ते कळत नाही. ते ‘बाहेरचे’ वाचलं आणि लिहायला बसलो.

मी मूळचा सांगलीकडचा. मिडलंड्समधल्या एका गावात अकरा वर्षं झाली, त्यातली चार पॅरिश कौन्सिलवर काढली. निवडून वगैरे आलो नव्हतो. जागा रिकामी होती, कुणी उभं राहत नव्हतं, क्लार्कबाईंनी विचारलं आणि मला को-ऑप्ट करून घेतलं. मानधन शून्य. विषय काय, तर दफनभूमीतलं गवत, मोडकी बाकं आणि कुत्र्यांच्या घाणीचे डबे. बैठकीला गावातली दोन माणसं आली तरी गर्दी वाटायची. मग 80 घरांचा अर्ज आला, आणि त्याच हॉलमध्ये उभं राहायलाही जागा उरली नाही.

त्या रात्री जे ऐकलं ते मी आधी कुठंतरी वाचलं होतं. घरी जाऊन शोधलं, तर मी राहतो त्या वसाहतीच्या अर्जावर याच पॅरिश कौन्सिलनं घेतलेली हरकत सापडली. गावाचं रूप बिघडेल, रस्त्याला झेपणार नाही, डॉक्टरकडे नंबर लागणार नाही. मुद्दे तेच, क्रमही जवळजवळ तोच. पुढच्या बैठकीत मी ते पत्र वाचून दाखवलं आणि म्हटलं, तेव्हा तुमचं ऐकलं असतं तर मी आज या खुर्चीत नसतो. अध्यक्ष फक्त ‘क्वाइट’ म्हणाले. इंग्रज माणूस नुसतं ‘क्वाइट’ म्हणाला की समजावं, आपला विषय संपला.

पण माझा खरा वाद वेगळाच होता. त्या शेतापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याला साधारण 200 मीटर फुटपाथच नाही. एका बाजूला कुंपणाची झुडपं, दुसऱ्या बाजूला चर. मी म्हटलं, विरोध करा, खुशाल करा, पण त्याच पत्रात हेही लिहा की परवानगी देणारच असाल तर आधी फुटपाथ, झेब्रा क्रॉसिंग आणि पाण्याचा निचरा बिल्डरकडून करून घ्या. परवानगी देताना बिल्डरशी होणारा सेक्शन 106 चा करार त्यासाठीच असतो. एक निवृत्त इंजिनिअर उठले. म्हणाले, काही मागितलं की होकार दिल्यासारखं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. ठराव झाला: फक्त विरोध. माझं मत एकटंच पडलं.

डिस्ट्रिक्टनं अर्ज फेटाळला. पबमध्ये जल्लोष झाला, मीही एक पाइंट घेतला. मग बिल्डर अपिलात गेला. इथं अपिलाचा हक्क फक्त अर्जदाराला असतो हे लक्षात ठेवा, परवानगी मिळाली तर गावाला अपील करता येत नाही. डिस्ट्रिक्टकडे पुढच्या पाच वर्षांना पुरेल इतकी घरांची जमीन ठरवलेली नव्हती, आणि ती नसली की तराजू आधीच बिल्डरकडे झुकलेला असतो. अपिलाचा निकाल देणाऱ्या सरकारी प्लॅनिंग इन्स्पेक्टरनं परवानगी दिली. करारात शाळेच्या वर्गांसाठी पैसे आले, खेळाचं मैदान आलं. फुटपाथ नाही, कारण गावानं तो कुठं मागितलाच नव्हता. आज 80 घरांतली पोरं त्या चराच्या कडेनं शाळेत जातात, माझी मुलगीही जाते, चमकणारं जाकीट घालून. ते इंजिनिअर अजूनही म्हणतात की तत्त्वाचा प्रश्न होता. तत्त्व त्यांचं, चिखल पोरांच्या बुटांना.

तर हरकत जरूर नोंदवा. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही. आणि भारतीय पासपोर्टवर इथं कायदेशीर राहत असाल तर कॉमनवेल्थ नागरिक म्हणून स्थानिक निवडणुकीत मतही देता येतं, मग बाहेरचे कसले? फक्त घराची किंमत पडेल, खिडकीतून शेत दिसणार नाही, असलं काही लिहू नका, ते विचारातच घेत नाहीत. आणि शेत हिरवं आहे म्हणून ते ‘ग्रीन बेल्ट’, म्हणजे शहराभोवती बांधकाम रोखण्यासाठी अधिकृतपणे आखलेला पट्टा, होत नाही, आमच्याकडे निम्म्या गावानं तसंच लिहिलं होतं. पाणी, रस्त्याची सुरक्षितता, तुमच्या घरात सरळ डोकावणाऱ्या खिडक्या, यावर लिहा. शेताच्या कोपऱ्यात हिवाळ्यात तळं साचत असेल तर तारखेसकट फोटो जोडा. एकाच मजकुराची पन्नास पत्रं गेली तरी मुद्दा एकच धरला जातो.

पॅरिश कौन्सिल अगदीच कुचकामी आहे असं मात्र म्हणत नाही. काही डिस्ट्रिक्टमध्ये पॅरिशची हरकत असली की अर्ज अधिकाऱ्याच्या टेबलावरून कमिटीपुढे जातो, तिथं तुम्हाला काही मिनिटं बोलायलाही मिळतं. गावाचा मंजूर नेबरहूड प्लॅन, म्हणजे कुठं काय बांधावं याचा गावानंच केलेला आराखडा, असेल तर हरकतीला वजन येतं. शिवाय जिथं इन्फ्रास्ट्रक्चर लेव्ही, म्हणजे नव्या बांधकामावरचा आकार, लागू आहे तिथं असा प्लॅन असला की पॅरिशला तिच्यातले 15 टक्क्यांऐवजी 25 टक्के मिळतात. आमच्याकडे प्लॅनची चर्चा तीन वर्षं चालली आणि मसुद्याच्या पुढं गेली नाही, त्यामुळे माझा अनुभव जरा कडवट आहे हे धरून चाला. आणि हे सगळं इंग्लंडपुरतं, स्कॉटलंड-वेल्सचे नियम निराळे.

मत कळवायला साधारण 21 दिवस असतात, तारीख खांबावरच्या नोटिशीत बघा. ती बघायला जालच, तर तसेच शाळेपर्यंत चालत जा आणि फुटपाथ कुठं संपतो ते पाहून या.