वाचक विचारतात: मुलांच्या कामात ‘आमच्यात असंच असतं’ ऐकलं की काय करायचं?

प्रश्न : ताई, मी सोशल वर्कर आहे, बालसंरक्षणाच्या कामात नवीनच. माझ्याकडची बरीच कुटुंबं अल्पसंख्य समाजांतली, बाहेरून येऊन स्थायिक झालेली, त्यांची भाषा रीतभात मला येत नाही. ट्रेनिंगमध्ये एक तक्ता दिलाय, अमुक समाजात मुलं मोठ्यांच्या डोळ्यात बघत नाहीत, तमुक समाजात वडिलांशीच बोलायचं, असं सगळं. तो पाठ करू का? आणि मुलाला त्रास होतोय असं वाटलं पण घरचे म्हणाले ‘आमच्यात असंच असतं’ तर? बोलले तर रेसिस्ट ठरेन अशी भीती वाटते.

उत्तर : तक्ता वाच, पण पाठ करू नकोस. त्यातनं फार तर काय विचारायचं ते कळेल, उत्तरं त्या घरातच मिळतात. एकाच समाजातल्या दोन घरांत केवढा फरक असतो ते आपल्याला आपल्या लोकांबद्दल बरोबर कळतं, दुसऱ्यांबद्दल मात्र आपण सरसकट बोलून मोकळे होतो.

व्हिक्टोरिया क्लिम्बिएची केस तुला माहीत असायलाच हवी. आयव्हरी कोस्टची मुलगी, आईवडिलांनी चांगलं शिकेल म्हणून वडिलांच्या आत्याबरोबर युरोपात पाठवली, आधी फ्रान्स, मग 1999 मध्ये लंडन. तिथे त्या आत्याने आणि तिच्या मित्राने तिचे इतके हाल केले की फेब्रुवारी 2000 मध्ये ती गेली, वय 8 वर्षं, अंगावर 128 जखमांच्या खुणा. आणि ती कुणाला दिसलीच नव्हती असं नाही, सोशल सर्व्हिसेस, पोलीस, हॉस्पिटल सगळ्यांच्या समोरून गेली होती. नंतर लॉर्ड लेमिंग यांच्या अध्यक्षतेखाली या प्रकरणाची चौकशी झाली, 2003 मध्ये रिपोर्ट आला, त्यातली एक गोष्ट मला फार लागते. मुलगी त्या आत्यासमोर अटेन्शनमध्ये ताठ उभी राहायची. केस हाताळणाऱ्या सोशल वर्करने, जी स्वतः कृष्णवर्णीय होती, याचा अर्थ लावला की आफ्रो-कॅरिबियन, म्हणजे कॅरिबियन बेटांवरच्या कृष्णवर्णीय, घरांत मोठ्यांचा मान असाच राखतात. मुलगी पश्चिम आफ्रिकेची, पण ते असू दे. तिच्या आईवडिलांनी चौकशीत स्पष्ट सांगितलं की आमच्या घरी तिला असं कधीच उभं राहावं लागत नव्हतं. म्हणजे ती भीती होती, आणि तिच्यावर संस्कृतीचं लेबल लागलं.

म्हणून ‘आमच्यात असंच असतं’ ऐकलंस की तिथे थांबू नकोस, तिथून सुरू कर. असं म्हणजे नेमकं कसं, कधीपासून, घरातल्या सगळ्याच मुलांना का या एकालाच, आजी काय म्हणते. आणि मुलाशी एकटं बोल, त्याच्या भाषेत. मूल दुखावतंय का, हे मापक कुठल्याही घरात तेच राहतं. आदराने, खरंच समजून घ्यायला विचारलंस तर कुणी सहसा रेसिस्ट म्हणत नाही, आणि म्हटलं तरी मुलापेक्षा ते मोठं नाही.

आता उलटी बाजू, कारण चूक तिकडेही तेवढीच होते. बऱ्याच आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या बाळांना कमरेखाली, कुल्ल्यांवर जन्मतःच निळसर करडे डाग असतात, ते दुखत नाहीत, काही वर्षांत पुसट होतात, पण माहिती नसलेल्याला ते माराचे वळ वाटतात आणि बिचाऱ्या आईवर नको ते आरोप. जन्माच्या नोंदी बघ, डॉक्टरला दाखव. अमेरिकेत तर 1978 च्या आधी मूळनिवासी जमातींची साधारण चारातलं एक, काही पाहण्यांत तीनातलं एक मूल घरापासून तोडलेलं होतं, कितीदा तर गरिबीला आणि नातेवाइकांनी मिळून मूल वाढवण्याच्या पद्धतीलाच हेळसांड समजून. मग इंडियन चाइल्ड वेल्फेअर अ‍ॅक्ट आला, त्यात मूल हलवायचंच तर आधी नातेवाईक, मग जमातीतलं घर असा क्रम आहे, आणि 2023 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो कायदा कायम ठेवला.

प्रश्न : आमच्याकडे फोस्टर केअरमध्ये, म्हणजे तात्पुरतं सांभाळायला, 6 वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी आलीय. आम्ही तिला आमच्यासारखंच वाढवतो, काही भेद करत नाही. एवढं पुरे ना?

उत्तर : प्रेम दिसतंय तुमचं, पण नाही, एवढं पुरत नाही. केसांपासून सुरू करा. दाट कुरळे केस रोज धुवून कोरडेच खसाखसा विंचरले तर तुटतात आणि पोर रडते. ओले असताना भरपूर कंडिशनर, रुंद दातांचा कंगवा, आणि टोकाकडून वर यायचं, मुळापासून खाली नाही. झोपताना साटीनची टोपी. तिच्याच समाजातल्या एखाद्या बाईकडून शिकून घ्या, त्या निमित्ताने मुलीला तिच्यासारखं दिसणारं एक माणूसही मिळतं. तिचं देवाधर्माचं, जेवणाचं, भाषेचं काय होतं ते सोशल वर्करमार्फत घरच्यांनाच विचारा. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातच, 1989 च्या, कलम 20 मध्ये लिहिलंय की घराबाहेर वाढणाऱ्या मुलाचा वंश, धर्म, संस्कृती, भाषा लक्षात घ्यायची. हे उपकार म्हणून करायचं नाहीये, हक्क आहे तिचा. भाषा तर आधी सांभाळा, काही महिन्यांत मूल ती विसरू लागतं, मग आईला भेटल्यावर दोघी नुसत्या बघत बसतात.

प्रश्न : इंटरप्रिटर (दुभाषी) मिळत नाही तेव्हा मोठ्या मुलाला मध्ये घेतलं तर चालेल का?

उत्तर : नाही. 12 वर्षांच्या मुलाने आईला बसलेला मार बापासमोर सांगायचा का? शेजारी, नातेवाईकही नकोत. अपॉइंटमेंट पुढे ढकला किंवा फोनवरचा इंटरप्रिटर घ्या, मुलाला धोका असेल तर ढकलणं नाहीच, लगेच फोन. बोली नेमकी कुठली ते आधी विचारा, देशाच्या नावावरून ठरवू नका. समाज छोटा असेल तर इंटरप्रिटर घरच्यांच्या ओळखीचा निघू शकतो, तेही आईला आधी एकटीला विचारून घ्या. आणि बोलताना बघायचं आईकडे, इंटरप्रिटरकडे नाही.