वाचकांचे प्रश्न : आराखडा त्यांचा की आपला?

प्रश्न : आम्ही सांगली-मिरज परिसरातील काही शिक्षक, ग्रंथपाल आणि निवृत्त कर्मचारी मराठी विकिपीडियावर विनामोबदला लेखन करतो. मिरजेची तंतुवाद्ये, हळदीची बाजारपेठ, कृष्णेचे महापूर हे आमचे विषय. पुढील वाटचालीबद्दल मत कळवा, असे आवाहन विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या मातृसंस्थेकडून अधूनमधून येते. आमच्या मताने खरोखर काही ठरते का? की स्वतंत्र संस्था नोंदवूनच आम्ही बोलणी करावीत?
(एक वाचक, मिरज)

उत्तर : आपल्या जिल्ह्यातील माणसाला सहकारी संस्थेची रीत अंगवळणी पडलेली असते. सभासदत्व घेतले की एक मत मिळते आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत उभे राहून अध्यक्षांना जाब विचारता येतो. विकिमीडिया फाउंडेशनकडे त्याच नजरेने पाहिल्यास फसगत होते, कारण २००३ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या या संस्थेला तिच्या पोटनियमांनुसार सभासदच नाहीत. अंतिम अधिकार विश्वस्त मंडळाचा असतो आणि त्यातील निम्म्याच जागांसाठी संपादकांच्या, म्हणजे तिथे लिहिणाऱ्यांच्या, व संलग्न संस्थांच्या, म्हणजे ठिकठिकाणच्या मान्यताप्राप्त शाखा व गटांच्या, पसंतीने नावे निवडली जातात. ही रचना अटळ आहे असे मात्र नाही. ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशामागील प्रतिष्ठानाला सभासद आहेत, तेच संचालक निवडतात, आणि वर्षभरात किमान ४२ दिवस नकाशात भर घालणाऱ्याला वर्गणी न भरताही सभासद होता येते.

मताला किती वजन मिळते, हे अलीकडच्या इतिहासावरून कळते. विकिमीडियाच्या कामाची २०३० पर्यंतची दिशा २०१७ मध्ये ठरली, तिच्यावर आधारित दहा शिफारशी २०२० मध्ये प्रसिद्ध झाल्या, आणि स्वयंसेवक, संलग्न संस्था व फाउंडेशन यांचे परस्पर अधिकार निश्चित करणारी सनद लिहिण्यासाठी २०२१ मध्ये मसुदा समिती नेमली गेली. २०२४ च्या मध्यास या सनदेवर मतदान झाले. संपादकांनी आणि संलग्न संस्थांनी बहुमताने तिला संमती दिली, विश्वस्त मंडळाने दिली नाही, आणि सनद तिथेच थांबली. मंडळाची संमती आवश्यक राहील हे आधीच जाहीर झालेले होते, आणि सनदेत योजलेल्या जागतिक परिषद या प्रातिनिधिक मंडळाबद्दलचे त्याचे आक्षेपही अगदी पोकळ नव्हते. तरीही अनेक वर्षांच्या चर्चेचा शेवट असा व्हावा, ही गोष्ट माझ्या मते मंडळाला शोभली नाही.

म्हणून मत देणेच सोडावे, असे मात्र मी म्हणणार नाही. फाउंडेशनकडे नाव, बोधचिन्ह, संगणकयंत्रणा आणि पैसा आहे. मजकूर मात्र मुक्त परवान्याखाली आहे, म्हणजे श्रेय देऊन तो कोणालाही वापरता येतो, आणि तो लिहिणारे हात आपले आहेत. जाहिराती येतील या शंकेने स्पॅनिश विकिपीडियातील संपादकांचा एक गट २००२ मध्येच मजकूर घेऊन बाहेर पडला आणि त्याने वेगळा ज्ञानकोश चालवला. विकिट्रॅव्हल हे प्रवासविषयक संकेतस्थळ २००६ मध्ये एका व्यापारी कंपनीने घेतले, तेव्हा जर्मन स्वयंसेवकांनी विकिव्हॉयेज सुरू केले. पुढे इंग्रजीतील मंडळीही तिकडे वळली आणि २०१३ पासून तो विकिमीडियाचाच प्रकल्प आहे. २०१४ मध्ये जर्मन विकिपीडियावर निवडून आलेल्या प्रचालकांनाही (देखरेखीचे जादा अधिकार असलेल्या संपादकांनाही) बदलता येणार नाही असे कुलूप फाउंडेशनने एका पानाला लावले होते, परंतु एवढा रोष उसळला की पुढच्या वर्षी ती सोयच काढून टाकावी लागली. बाहेर पडण्याची वाट मोकळी असल्यामुळेच आत राहून बोललेले ऐकले जाते. अर्थात प्रत्यक्षात बाहेर पडणे महाग असते, कारण वाचक जुन्या नावाच्या पत्त्यावरच येत राहतो.

तेव्हा मत कळवताना ‘मराठीकडे लक्ष द्यावे’ अशी सर्वसाधारण वाक्ये टाळावीत. जुन्या मराठी पुस्तकांच्या छायाप्रतींतून मजकूर ओळखताना जोडाक्षरे कुठे बिघडतात, भ्रमणध्वनीवरून संपादन करताना काय अडते, पुराच्या दिवसांत अफवा लेखांत शिरू नयेत म्हणून किती जण राखण करतात, हे उदाहरणांसह लिहावे. आधी चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चापानावर, चर्चा करून निवेदन एकत्रित द्यावे. सुट्या दहा पत्रांपेक्षा त्याची दखल घेतली जाण्याची शक्यता अधिक. निर्णय कोण घेणार, केव्हा घेणार, आणि सूचना नाकारल्यास कारण लेखी मिळणार का, ही विचारणा त्याच निवेदनात असावी.

संस्था नोंदवण्याबाबत माझा सल्ला सध्या थांबण्याचा आहे. सात व्यक्ती जमल्या की १८६० च्या अधिनियमाखाली नोंदणी होते, परंतु महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालचे सोपस्कारही मागे लागतात, म्हणजे लेखापरीक्षण, बदल अर्ज आणि धर्मादाय कार्यालयातील फेऱ्या. परदेशी अनुदान घ्यायचे तर विदेशी अंशदान कायद्याची स्वतंत्र परवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावी लागते. बंगळूरु येथे २०११ मध्ये नोंदलेल्या विकिमीडियाच्या भारतीय शाखेची मान्यता २०१९ मध्ये काढून घेण्यात आली. तरी त्यामुळे भारतीय भाषांतील लेखन बंद पडले नाही. सदस्यगट, म्हणजे संपादकांचा अनौपचारिक संलग्न गट, म्हणून फाउंडेशनची मान्यता मिळवायला कायदेशीर नोंदणीची अट नाही. आपल्या गटाला तेवढे पुरेसे आहे.

प्रश्न : परदेशी संस्थेच्या आश्रयापेक्षा आमच्या वाईतील मराठी विश्वकोशासारख्या शासकीय मंडळाच्या छायेखाली स्वयंसेवकांनी का जाऊ नये?
(एक वाचक, वाई)

उत्तर : तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. तिथे नोंद तज्ज्ञाकडून मागवली जाते, संपादक ती तपासतात आणि तिची जबाबदारी मंडळ घेते. विकिपीडियावर कोणीही लिहितो आणि कोणीही संदर्भ मागून ते खोडतो. शासनाच्या छायेखाली जायचे तर ही मोकळीक बहुधा सोडावी लागेल, आणि पैसा व पदे पुन्हा दुसऱ्याच्याच हाती राहतील. विश्वकोशाचा आधार मात्र अवश्य घ्यावा. नोंदीचा व खंडाचा उल्लेख करून माहिती स्वतःच्या शब्दांत लिहावी. मुक्त परवाना स्पष्टपणे दिलेला नसेल, तर मजकूर जसाच्या तसा उचलू नये. तसा परवाना हवा असेल, तर वाईकरांनी मंडळाकडे लेखी मागणी करावी. कार्यालय गावातच आहे.