त्याला माझी शपथ घालून परत बोलावू का?

पत्र:

ताई, आम्ही मूळचे साताऱ्याचे, गेली वीसेक वर्षं अमेरिकेत युटा राज्यात राहतो. आमचा एकुलता एक मुलगा शाळेतल्या मित्रांबरोबर मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमध्ये जायला लागला आणि अठरा पूर्ण झाल्यावर त्याने बाप्तिस्मा घेतला. आता तो दोन वर्षांच्या मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, जपानमध्ये, होक्काइदोत आहे. जाऊन पाचेक महिने झाले. माझे यजमान त्याच्याशी बोलत नाहीत. म्हणतात, ‘आपलं आडनाव छातीला लावून दुसऱ्यांचा धर्म विकत फिरतोय.’ साताऱ्याला सासूबाईंना आम्ही सांगितलंय की तो जपानला शिकायला गेलाय. गेल्या वेळी व्हिडिओ कॉलवर तो रडला. दिवसभर दारं वाजवतो, कोणी ऐकत नाही, प्रचाराला बरोबर दिलेला जोडीदार मुलगा धड बोलत नाही, ‘माझंच काहीतरी कमी पडतंय’ म्हणाला. चेहरा उतरलाय, वजनही. त्याने चहासुद्धा सोडलाय. मी त्याला माझी शपथ घालून परत बोलावू का? आणि आमचे संस्कार नेमके कुठे कमी पडले?
– एक आई, युटा

उत्तर:

ताई, शपथ घालू नका. तुमच्या शपथेखातर तो आला, तर आयुष्यभर त्याच्या मनात राहील की आपण आलो नाही, आपल्याला आणलं. मिशन अर्धवट टाकून आलेल्या मुलाला तुमच्या भागात किती प्रश्नांना तोंड द्यावं लागतं, हे तिथे राहून तुम्ही पाहिलंच असेल. ते सगळं सोसायचं, तर निर्णय त्याचा स्वतःचा हवा. तसा तो झाला, तर मात्र तुम्ही विमानतळावर सगळ्यांत आधी उभ्या असायला हव्यात.

तुमच्या पत्रात त्याचा धर्म आहे, यजमानांचा राग आहे, सासूबाई आहेत. त्याचा दिवस कसा जातो, हे मात्र कुठेच नाही. म्हणून आधी तेच लिहिते.

तो साडेसहाला उठतो. व्यायाम, आंघोळ, न्याहारी, मग धर्मग्रंथांचं वाचन, मग जपानीचा अभ्यास. जपानीसाठी प्रशिक्षण केंद्रात मिळतात साधारण नऊ आठवडे, आणि तेवढ्या भांडवलावर या मुलांना थेट रस्त्यावर उतरायचं असतं. दहाच्या सुमारास दोघं बाहेर पडतात. इतर मोसमांत सायकल असते, पण होक्काइदोत बर्फ पडायला लागलं की बरंचसं पायीच. जपानी घराचं दार तर बहुतेक वेळा उघडतसुद्धा नाही. भिंतीवरच्या इंटरकॉमचं बटण दाबायचं, अडखळत दोन वाक्यं बोलायची, आतून अतिशय नम्र आवाजात ‘केक्को देस’ येतं, म्हणजे ‘नको’, आणि खट्‌ करून इंटरकॉम बंद. मग पुढचं घर. हातमोज्यातून बोट बाहेर काढायचं, बटण दाबायचं, परत तोच आवाज. रात्री नऊच्या आसपास घरी, उद्याचं नियोजन, साडेदहाला दिवा बंद. सिनेमा नाही, टीव्ही नाही, मैत्रीण नाही. एकटं असं कधीच राहायचं नाही. जोडीदार सतत नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा, झोपायचंही एकाच खोलीत. वीस वर्षांच्या मुलाला रडायलासुद्धा वेगळी जागा नाही, ताई. तो तुमच्यासमोर रडला, कारण तुम्ही समोर होतात. त्याला रडायला आईच सापडली, यातच तुमच्या नात्याबद्दल बरंच काही आलं.

या दिवसात बऱ्या गोष्टीही असतात, त्या त्याला विचारा. जपानमध्ये हे मिशनरी बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा चर्चमध्ये फुकट इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेतात. तिथे निवृत्त आजोबा येतात, गृहिणी येतात, शाळकरी मुलं येतात. ज्यांनी दारातून ‘नको’ म्हटलं असतं, तेच लोक तिथे तासभर हसून बोलतात. चर्चची कुटुंबं अधूनमधून जेवायला बोलावतात. आपल्याकडे पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे ना, तशी ती सोय, फक्त इतकी बांधलेली नाही. आणि चहाचं म्हणाल, तर चहा-कॉफी, दारू, तंबाखू त्यांच्यात वर्ज्य आहे. जपानमध्ये हिरवा चहाही त्यातच आला. पण भाजलेल्या सातूचा ‘मुगिचा’ तिथे घरोघरी असतो आणि तो चालतो. तुमच्या हातचा चहा त्याने नाकारला याचं दुःख मला कळतं. त्यानं तुम्हाला नाकारलेलं नाही.

आता त्याच्या त्या एका वाक्याकडे येते, कारण मला काळजी त्याची वाटते. ‘माझंच काहीतरी कमी पडतंय.’

या मुलांना आठवड्याच्या कामाचे आकडे वर कळवावे लागतात. किती जणांना शिकवलं, किती जण प्रार्थनेला आले, किती जणांनी बाप्तिस्म्याची तारीख ठरवली. त्याच्या जोडीला एक शिकवण असते की नियम काटेकोर पाळले तर देव यश देतो. सगळं ठीक चाललेलं असतं तेव्हा ही शिकवण बळ देते. पण होक्काइदोसारख्या ठिकाणी हळवा, प्रामाणिक मुलगा तिचा उलटा अर्थ लावतो: यश येत नाही, म्हणजे मी कुठेतरी नियम मोडला असणार. मग सहा एकतीसला उठल्याचंसुद्धा पाप वाटायला लागतं. अख्ख्या जपानमध्ये सगळ्या पंथांचे मिळून ख्रिस्ती लोक शंभरात जेमतेम एक. तिथे दार न उघडणं हा त्या देशाचा स्वभाव आहे, तुमच्या मुलाच्या श्रद्धेवरचा निकाल नाही. हे त्याला कोणीतरी आपल्या माणसाने स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. त्याचा धर्म न मानताही तुम्ही ते सांगू शकता. ‘बाळा, तू रोज बाहेर पडतोस हे तुझ्या हातात होतं, ते तू केलंस. दार उघडणं त्यांच्या हातात आहे.’ इतकंच.

कॉलची वेळ नीट वापरा. २०१९च्या फेब्रुवारीपर्यंत या मुलांना घरी फोन करायला फक्त नाताळ आणि मदर्स डे असे दोन दिवस मिळायचे, बाकी आठवड्याला ई-मेल. आता दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी बोलता येतं. तो दिवस सहसा सोमवार. त्यातच कपडे धुणं, किराणा, केस कापणं सगळं उरकायचं असतं. हिवाळ्यात त्याचे सोमवार सकाळचे नऊ म्हणजे तुमचे रविवार संध्याकाळचे पाच. त्या वेळेला घरात पाहुणे नकोत, धुसफूस नको आणि धर्मावर वाद तर नकोच नको. ‘परत कधी येणार’ हा प्रश्नही नको. बूट ओले होतात का, कोपऱ्यावरच्या दुकानात काय मिळतं, इंग्रजीच्या वर्गाला कोण आलं होतं, हे विचारा. जोडीदार त्याच खोलीत असणार, तेव्हा मराठीत बोला. तुमच्या मुलाला आठवड्यातून मिळणारा एकांत तेवढाच, आणि तो तुमच्या भाषेत आहे.

एक वाक्य मात्र एकदाच, शांतपणे सांगून ठेवा: ‘दोन वर्षं पूर्ण केलीस तरी आणि उद्या आलास तरी, घर तुझंच आहे.’ दर आठवड्याला घोकू नका, नाहीतर त्याला ते बोलावणंच वाटेल.

जोडीदार बोलत नाही, हे दुःख लहान नाही. चोवीस तास ज्याच्याबरोबर काढायचे तोच अबोल असेल तर माणूस झुरतो. पण जोड्या साधारण दर सहा आठवड्यांनी बदलू शकतात, तेव्हा हे कायमचं नाही. शिवाय प्रत्येक मिशनरी आपल्या मिशन अध्यक्षांना, म्हणजे तिथल्या सगळ्या मिशनरींच्या प्रमुखांना, दर आठवड्याला पत्र लिहितो. त्यात ‘सगळं छान’ न लिहिता खरं लिही, असं त्याला सांगा. मुलं तिथेही चांगली दिसायला बघतात.

आता काळजी कधी करायची. चर्चनेच या मुलांसाठी एक पुस्तिका काढली आहे, तिच्यात ताणाच्या हिरव्या, पिवळ्या, केशरी आणि लाल अशा चार पायऱ्या दिल्या आहेत. त्याला ती माहीत असेल. दर आठवड्याला विचारा, ‘आज रंग कुठला?’ लांबलचक बोलायला जड जाणारा मुलगा एक शब्द सहज बोलतो. पिवळ्यात धीर द्या, ऐका. केशरी सलग राहिला, झोप उडाली, जेवण तुटलं, तर समुपदेशकाशी बोलायची सोय मागून घ्यायला सांगा. ती सोय त्यांच्या व्यवस्थेत आहे आणि मागण्यात कमीपणा नाही. आणि लाल असेल, किंवा ‘मी नसलो तर बरं’ अशा वळणाचं एक वाक्यही कानावर आलं, तर पुढच्या सोमवारची वाट बघू नका. त्याच दिवशी मिशन अध्यक्षांना फोन करा, तुमच्या वस्तीतल्या त्याच्या बिशपच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या प्रमुखाच्या, घरी जा, आणि मुलाला एकटं ठेवू नका असं स्पष्ट शब्दांत सांगा. तुम्ही त्या चर्चच्या नाही म्हणून तुमचा हक्क कमी होत नाही. अध्यक्षांचा नंबर आणि पत्ता आजच मिळवून फ्रिजवर लावा. त्याचा पासपोर्ट नेमका कुठे आहे, हे त्याला ठाऊक असू द्या. तो सज्ञान आहे, यायचं ठरवलं तर येऊ शकतो. आणि प्रचाराचं काम झेपत नसेल, पण सेवा सोडायची नसेल, तर घरी राहून सेवा-मिशन करायचा मार्गही त्यांच्यात आहे. राहणं किंवा हरणं, असे दोनच पर्याय नसतात हे त्याच्या कानावर घाला.

यजमानांबद्दल. त्यांना एवढं जरूर सांगा की तो काही विकत नाहीये. त्याला पगार नाही. उलट अमेरिकेतून जाणाऱ्या मुलाला दरमहा ५०० डॉलर भरावे लागतात. २०२०च्या जुलैपासूनचा हा आकडा, आधी ४०० होता. बहुतेक मुलं शाळेत असल्यापासून त्यासाठी साठवतात. जपानही त्याने निवडलं नाही, कुठे जायचं ते चर्च ठरवतं. आणि नव्याने आलेल्या माणसाला बाप्तिस्म्यानंतर साधारण वर्षभर थांबावं लागतं, म्हणजे ही लहरही नव्हती. वर्षभर तुमच्या घरात, वडिलांच्या अबोल्यात राहून त्याचा विचार टिकला. दुसऱ्याच्या दारात जाऊन आपला धर्म पटवणं मला स्वतःला रुचत नाही, कोणत्याही धर्माच्या माणसाने केलं तरी. यजमानांना ते खटकत असेल तर तो त्यांचा अधिकार आहे, आणि मुलगा परत आल्यावर त्यांनी त्याच्याशी त्यावर कडाडून वाद घालावा. पण परमुलखात, बर्फात, रोज ‘नको’ ऐकणाऱ्या पोराला घरूनही ‘नको’च ऐकवणं, हे बापाला शोभत नाही. छातीवरच्या काळ्या पट्टीवर जपानी अक्षरांत त्याने तुमचंच आडनाव लावलंय. ते टाकलेलं नाही त्याने.

संस्कारांचं विचारलंत. पहाटे उठणं, व्यसनापासून लांब राहणं, दिलेला शब्द पाळणं, अपमान गिळून परत कामाला लागणं हे तो आज ज्या जोरावर करतोय, ते सगळंच काही नऊ आठवड्यांत शिकवून होत नाही. त्याने वेगळा देव निवडला, हे तुम्हाला लागलंय आणि लागणारच. त्याचं दुःख करा, मोकळेपणाने करा. पण त्याचा हिशेब स्वतःच्या नावावर मांडू नका.

सासूबाईंना खरं सांगून टाका. दोन वर्षं खोटं निभावायचं म्हणजे प्रत्येक फोनला नवी परीक्षा, नवी फी, नवं वसतिगृह. आणि उद्या मुलगा साताऱ्याला आजीच्या पाया पडायला गेला की ते खोटं त्याच्या अंगावर येणार, त्याने काही केलेलं नसताना. फोनवर नको. गावी कोणी जवळचं, समजूतदार असेल तर त्यांना समोर बसवून व्हिडिओवर सांगा. म्हातारी माणसं आपल्याला वाटतात त्याहून जास्त पचवतात. चिडल्या, चार दिवस बोलल्या नाहीत, तरी नातवाने जेवलं की नाही, हे पाचव्या दिवशी विचारतीलच.

या आठवड्यात मिशन ऑफिसच्या पत्त्यावर एक पार्सल पाठवा: लोकरीचे मोजे, आतून घालायचे गरम कपडे, शंकरपाळे, चिवडा. जपानच्या कस्टमला चालणार नाही असं मांस वगैरे काही नको. चिवडा जरा जास्तच पाठवा, जोडीदारालाही पुरेल इतका. आणि यजमान कॉलवर बसणार नसतील तर ओढून बसवू नका. ई-मेल चालतो. त्यांनी एक ओळ लिहिली, ‘बर्फात जपून चाल’ एवढीच, तरी ती धाडा. तीही लिहिली नाही, तर पार्सलवर पाठवणाऱ्याचं नाव लिहिताना तुमच्याबरोबर त्यांचंही लिहा, त्यांना विचारून.