'जनतेचा कौल' म्हणताय खरे, पण देवाला विचारलंत काय?

प्रश्न असा आलाय की 'जनतेचा कौल' आणि 'जनादेश' एकाच अर्थाने वापरायचे का, आणि 'बहुमताचा कौल' म्हटलेलं चालतं का. बरं झालं विचारलंत, कारण निकालाच्या दिवशी सकाळी आठला टीव्ही लावला की रात्रीपर्यंत हा बिचारा कौल इतक्यांदा आदळतो की खरं कौल डोक्यात पडलेलं परवडलं. (छपरावरच्या कौलाचा इथे काही संबंध नाही, काश्मिरी आडनावाचा तर नाहीच.) वर 'एक्झिट पोलचा कौल' असतो तो वेगळाच, म्हणजे देवळात पोचायच्या आधीच शेजाऱ्याने सांगितलेला प्रसाद.

तर कौल हा मूळचा अरबी क़ौल. बोलणं, दिलेला शब्द. कव्वाल आणि कव्वाली त्याच घरातले. मराठीत हा आला सरकारी दफ्तरातून. दुष्काळ पडला किंवा फौजांच्या धामधुमीत गाव उजाड झालं की रयत परागंदा व्हायची, मग सरकार कौलनामा पाठवायचं, की बाबांनो परत या, जमीन कसा, पहिली काही वर्षं शेतसारा कमी घेऊ, मग हळूहळू वाढवू, कोणी त्रास देणार नाही. म्हणजे गंमत बघा, कौल द्यायचा सरकारने आणि घ्यायचा रयतेने! आज बरोबर उलटं झालंय, आणि ही उलटापालट कुठे झाली याबद्दल माझी एक थिअरी आहे, पटली तर घ्या.

ती झाली कोकणातल्या देवळात. तिथे गावचा मालक देव, गाऱ्हाणं घालताना त्याला 'म्हाराजा' म्हणतात, त्याचे मानकरी असतात, सगळा थाट दरबाराचा. मग राजा जसा रयतेला शब्द देतो तसा देवही देणारच, आणि कचेरीतला कौल गाभाऱ्यात गेला. तिथून 'देव जे सांगेल ते' असा अर्थ घेऊन बाहेर आला, आणि आपण मतदारराजा म्हणायला लागलो तेव्हा देवाच्या जागी मतदार बसला. माझे एक ज्येष्ठ मित्र ठामपणे सांगतात की कौल हा 'कुल'वरून, कुलदैवताचा तो कौल. त्यांना प्रत्येक शब्द संस्कृतच्या पोटी जन्माला घालायचाय, घालोत बापडे. पण मग कौल 'देणं', 'घेणं', 'मोडणं' ही सगळी क्रियापदं वचनाची कशी काय? कुळ कोणी मोडून दाखवावं! हे त्यांना तीनदा विचारलं, उत्तर नाही.

देवळातला कौल ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गुरव कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, पाण्यात भिजवून देवाच्या पाषाणाला डाव्या-उजव्या बाजूला चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवा कळा पडला तर हो, डावा पडला तर नाही, काहीच नाही पडलं तर बसा वाट बघत. आमच्या काकांनी एकदा एका दमात विचारलं, विहीर खणू का आणि पोराला मुंबईला पाठवू का. गुरव भडकलाच, 'एका टायमाक एकच इचार!' कारण कळा पडला तर तो विहिरीचा की पोराचा, कोण सांगणार?

आता मतदानयंत्रासमोर उभे राहा. कांद्याचा भाव, गावचा रस्ता, उमेदवाराची जात, पंतप्रधान कोण हवा, मागच्या आमदाराने फोन उचलला नाही त्याचा राग, असे दहा प्रश्न आणि बटण एक. आणि संध्याकाळी तज्ज्ञ छातीठोक सांगणार की जनतेने अमुक धोरणाला कौल दिला. आमच्या गुरवाला जे कळतं ते यांना कळत नाही.

खरा कौल बघायचाय तर गोव्यात जा. १९६३ साली तिथल्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) सत्तेवर आला, मुद्दा उघड होता, महाराष्ट्रात विलीन व्हायचं. झाला की कौल, करा ठराव आणि मोकळे व्हा असं बऱ्याच जणांना वाटलं. विरोधी बाजूच्या जॅक सिक्वेरांचा हट्ट असा की हे आमदारांनी ठरवायचं नाही, थेट लोकांना विचारा. संसदेने त्यासाठी कायदा केला, मगोचे मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचं मंत्रिमंडळ मतदानाआधी पायउतार झालं, आणि १६ जानेवारी १९६७ ला एकच प्रश्न विचारला गेला. विलीनीकरण हवं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. फूल आणि पानं, अहो! अगदी कौल लावायचंच सामान! गोव्यात त्याला जनमत कौल म्हणतात ते उगाच नाही. फुलाला १,३८,१७० आणि पानांना १,७२,१९१, म्हणजे ३४,०२१ मतांनी विलीनीकरण पडलं. आणि पुढे मार्चमध्ये तेच मतदार विधानसभेसाठी पुन्हा रांगेत उभे राहिले आणि विलीनीकरणवाल्या मगोलाच ३० पैकी १६ जागा देऊन परत बसवलं. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री! लोकांना माणूस हवा होता, त्याचा मुख्य मुद्दा नको होता, आणि हे कळलं ते फक्त वेगळं विचारलं म्हणून. नुसत्या विधानसभेवरून अंदाज बांधला असता तर आज पणजीच्या एसट्यांवर महाराष्ट्र शासन लिहिलेलं असतं.

'जनादेश'चं म्हणाल तर तो मँडेटचा भाषांतरी अवतार, वापरा हवा तर, पण आदेश म्हणजे पाळलाच पाहिजे असा हुकूम, आणि निवडून गेल्यावर मतदाराचा हुकूम कोण पाळतं? तसा पाणिनीच्या व्याकरणात आदेश म्हणजे मूळ रूपाच्या जागी येऊन बसणारं दुसरं रूप, 'अस्'च्या जागी 'भू' येतो तसं. आमदाराला हे फारच चपखल बसतं, पण तिकडे घसरलो तर पहाट होईल.

'बहुमताचा कौल' राहिलाच की. तर बहुमत म्हणजे निम्म्याहून जास्त. २०१४ ला भाजपला मतं ३१ टक्के आणि जागा २८२, इंदिराजींच्या हत्येनंतरच्या १९८४ च्या लाटेतसुद्धा काँग्रेस मतांच्या पन्नास टक्क्यांना पोचली नव्हती. बहुमत असतं ते सभागृहात, बाहेर मताधिक्य, म्हणजे नुसती इतरांहून जास्त मतं. बसपाला २०१४ ला देशात तिसऱ्या क्रमांकाची मतं होती आणि खासदार शून्य, त्यांच्या मतदारांनी दिला तो कौल कुठल्या बाजूला पडला म्हणायचा? २०२४ ला मुंबई उत्तर पश्चिममध्ये ४,५२,६४४ विरुद्ध ४,५२,५९६, फरक ४८ चा, एवढे लोक तर आमच्या सोसायटीच्या मीटिंगला भांडायला येतात. दुसऱ्या दिवशी कोणीतरी 'मतदारांचा स्पष्ट कौल' असं लिहिलेलं मी वाचलं आणि चहा सांडला. 'निकाल' लिहा ना सरळ, चांगला तीन अक्षरी शब्द आहे.